बरडीपासून कन्हारपर्यंत : कुरखेड्याच्या मातीची नावे

शालेय भूगोलात महाराष्ट्रातील मृदांचा धडा शिकवताना आपण फळ्यावर राज्याचा नकाशा काढतो. त्यातला सर्वांत मोठा भाग काळ्या मातीचा. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जांभी मृदा, नद्यांच्या काठाने गाळाची मृदा आणि अगदी पूर्वेच्या टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, एक पट्टा 'तांबडी व पिवळसर मृदा' म्हणून. नकाशा बरोबर आहे. दख्खनच्या बेसाल्टची सीमा ओलांडून आपण वैनगंगेच्या खोऱ्यात आलो की पायाखालचा खडक बदलतो. तो ग्रॅनाइट आणि नाइस या अतिप्राचीन खडकांचा होतो आणि त्याची माती बहुतांशी तांबूस-पिवळी असते.

पण गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुरखेडा तालुक्यात एखाद्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला "तुमची जमीन कोणती?" असे विचारले तर तो 'तांबडी व पिवळसर' असे उत्तर देणार नाही. तो म्हणेल, वरची बांधी बरडीत आहे, मधल्या बांध्या वरडीत आहेत आणि नाल्याजवळची एक कन्हारमध्ये आहे. एकाच माणसाच्या चार-पाच एकरांत तीन प्रकारच्या जमिनी! नकाशावर एकच रंग आणि शेतात तीन नावे, असे का? ही नावे कुठून आली, कोणी लिहून ठेवली, त्यांचा उपयोग कोणी कशासाठी केला आणि आज ती कुठे आहेत? या लेखात आम्ही हा इतिहास सांगणार आहोत. मातीच्या वर्गीकरणाचा हा इतिहास शेती शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे, असे आम्हांला वाटते.

उतारावरची नावे

कुरखेडा हे गाव सती नदीच्या काठी वसले आहे. सतीचे पाणी खोब्रागडी नदीतून पुढे वैनगंगेला मिळते. भोवतालचा प्रदेश सपाट नाही आणि फार डोंगराळही नाही. जंगलाने झाकलेल्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी हलके उतार, उतारांच्या तळाशी नाले, अशी रचना पुन्हा पुन्हा दिसते. पाऊस साधारण १३०० ते १५०० मिलीमीटर आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. शेतीतले मुख्य पीक धान.

आता आपण टेकडीकडून नाल्याकडे चालत जाऊ.

सर्वांत वर लागते ती बरडी. लालसर, खड्यांची, उथळ. थोडे खणले की मुरूम लागतो. पाणी पडले की खाली निघून जाते. येथे पूर्वी कोदो, कुटकी, तीळ अशी पिके घेत किंवा जमीन चराईला सोडून देत. त्याच्या खाली पातळ थराची, खड्यांचे प्रमाण थोडे कमी असलेली खर्डी. मग वरडी, सिहार अशी नावे असलेली पिवळसर, रेतीमिश्रित, हलकी जमीन. हीच या भागातील धानाची खास जमीन. ती वाळली की कडक होते, ओली झाली की चिखलणीला सोपी जाते, खताला लगेच दाद देते. पण पावसाने ताण दिला तर सर्वांत आधी हीच तडे दाखवते. आणखी खाली मोरंड. काळसर-तपकिरी, चिकणमाती आणि रेती यांचे बऱ्यापैकी मिश्रण असलेली. सर्वांत तळाशी कन्हार. काळी, खोल, चिकट, उन्हाळ्यात रुंद भेगा पडणारी. येथे उशिरा तयार होणारे भारी धान येते आणि धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर जवस, हरभरा, लाखोळीही येते. याशिवाय नाल्याकाठची वाळूची रेताडी आणि पुराच्या गाळाची कछार ही दोन नावे वेगळी.

या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही नावे वरवर रंगाची आणि पोताची वाटली तरी ती मुळात जागेची आणि पाण्याची नावे आहेत. पाणी कोठून येते, किती दिवस थांबते आणि कोठे जाते, हे प्रत्येक नावात आहे. शेजारच्या छत्तीसगडात गेलात तर भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे ऐकू येतात. नावे वेगळी, पण टेकडीकडून नाल्याकडे जाण्याचा क्रम तोच. धान पिकवणाऱ्यांना पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते, म्हणून दोन्हीकडे तोच हिशेब भाषेत उतरला.

रंग काय सांगतो?

उतारावर मातीचा रंग का बदलतो, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेण्यासारखा आहे. खडक बहुतेक ठिकाणी तोच, पाऊस तोच, मग फरक कशाने पडतो?

उत्तर लोहाच्या संयुगांत आहे. वरच्या भागात पाणी थांबत नाही, मातीत हवा भरपूर खेळते. तेथे लोह हेमॅटाइटच्या रूपात असते आणि माती लाल दिसते. मधल्या उतारावर माती बराच काळ ओलसर राहते. तेथे गोएथाइट हे पाण्याचा अंश असलेले लोहाचे संयुग अधिक बनते. त्याचा रंग पिवळसर. तळाशी पाणी साचते, हवा कमी पडते, लोहाचे क्षपण होते आणि लाल-पिवळा रंग नाहीसा होतो. शिवाय वरून पाण्याबरोबर वाहून आलेले चिकणमातीचे सूक्ष्म कण आणि विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम तळाशी जमत जातात. त्यातून फुगणारी आणि आकसणारी काळी माती तयार होते. म्हणजे काळी माती फक्त बेसाल्टपासूनच होते असे नाही. ग्रॅनाइट आणि नाइसच्या प्रदेशातही खोलगट जागी ती बनते. कन्हार हे त्याचेच उदाहरण. तिचा काळा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने भरलेली असेल असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे नसते. काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब अनेकदा कमीच असतो. थोडे सेंद्रिय द्रव्य चिकणमातीच्या कणांशी घट्ट बांधले गेल्यामुळे ती काळी दिसते.

बांधीच्या कडेला कुदळीने थोडे खणून पाहिले तर करड्या मातीत तांबडे-पिवळे ठिपके दिसतात. जेथे पाण्याची पातळी दरवर्षी वर-खाली होते तेथे हे ठिपके पडतात. पाणी ओसरल्यावर मुळांच्या पोकळ्यांतून हवा शिरते आणि तेवढ्याच जागी लोह पुन्हा गंजते. गेल्या अनेक पावसाळ्यांची नोंद त्या ठिपक्यांत वाचता येते.

तलाव बांधणारे

ही माती ओळखून तिचा उपयोग करण्याचे मोठे काम या प्रदेशात तलावांच्या रूपाने झाले. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून गाव वसवील त्याला सनद आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन, अशी पद्धत होती असे परंपरा सांगते. तलाव बांधणाऱ्यास दिलेल्या जमिनीला तुकूम म्हणत. याच नावाचा भाग आज चंद्रपूर शहरातही आहे. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे नाव विशेष घेतले जाते. तलावाच्या पाण्यावर धानाबरोबर ऊस पिकवण्यातही ते वाकबगार होते. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य संपून भोसल्यांचा अंमल आला, तरी तलावांवरची शेती चालूच राहिली.

तलावाची जागा कशी निवडत हे पाहिले की मातीच्या नावांचा खरा अर्थ कळतो. वर जंगल आणि बरडी. तेथे पडलेले पाणी मुरण्याऐवजी बरेचसे वाहून येते, म्हणून तो तलावाचा पाणलोट. जेथे उतार मंदावतो आणि दोन उंचवट्यांमधील जागा अरुंद होते तेथे मातीची पाळ. पाळीतून पाणी सोडण्यासाठी तुडूम, जादा पाणी निघून जाण्यासाठी सलंग. पाळीच्या खाली वरडी-सिहारच्या बांध्या. पावसाने ताण दिला की सर्वांत आधी ज्यांना पाणी लागते त्या. बांध्यांतून झिरपलेले पाणी आणखी खाली मोरंड आणि कन्हारला मिळते. लहान प्रमाणात हेच काम शेतातली बोडी करते.

म्हणजे या व्यवस्थेत बरडी 'निकामी' नव्हती. तिच्यावर धान येत नव्हते. पण तिच्यावरून आलेल्या पाण्याने खालचे धान येत होते. वरची जमीन नांगरायची नाही, हा जमिनीच्या व्यवस्थापनाचाच भाग होता.

सारा ठरवणाऱ्यांच्या वहीत

नागपूरचे राज्य १८५० च्या दशकात इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. नव्या सरकारला जमिनीचा सारा ठरवायचा होता. त्यासाठी कोणत्या गावात कोणती जमीन किती, हे कळणे आवश्यक होते. चांदा जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्ताचे काम मेजर ल्यूसी-स्मिथ या अधिकाऱ्याने केले. त्याचा अहवाल १८६९ चा. या अहवालात आणि नंतरच्या कागदपत्रांत कन्हार, मोरंड, खर्डी, बरडी अशी शेतकऱ्यांचीच नावे इंग्रजी लिपीत लिहिलेली आढळतात. मातीचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. अधिकाऱ्यांजवळ स्वतःची अशी नावेच नव्हती.

१८८० च्या दशकात या पद्धतीला गणिताचे रूप आले. बॅमफील्ड फुलर हा मध्य प्रांतात बंदोबस्त आणि शेती या खात्यांचा आयुक्त होता. (पुढे १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर पूर्व बंगाल आणि आसामचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झालेला फुलर तो हाच.) त्याच्या काळात 'मृदा एकक' पद्धत वापरात आली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीला तिच्या उत्पादनशक्तीनुसार एक अंक द्यायचा, क्षेत्राला त्या अंकाने गुणायचे आणि सर्व बेरीज करून गावाची एकूण एकके काढायची. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. समजा कन्हारच्या एका एकराला ३० एकके आणि बरडीच्या एका एकराला ८ एकके दिली. मग १०० एकर कन्हार असलेल्या गावाची एकके होतील ३०००, आणि ३०० एकर बरडी असलेल्या गावाची २४००. तिप्पट जमीन असूनही दुसऱ्या गावाचा सारा कमी. (हे अंक आमचे आहेत, पद्धत त्या काळची.)

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. प्रांताच्या भात पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अधिकाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की केवळ मातीचा प्रकार पुरत नाही. तीच माती उंचावर असली तर एक किंमत, सपाटीवर असली तर दुसरी, खोलगट जागी वरचे पाणी येऊन मिळत असले तर तिसरी. म्हणून टिकरा, समान, झिलान असे जागेनुसार पोटवर्ग करावे लागले. हे शब्दही लोकांचेच. शेतकऱ्याने एका नावात बसवलेले पाण्याचे ज्ञान सरकारला दोन रकान्यांत मांडावे लागले.

कुरखेड्याच्या आसपासचा मुलूख मात्र बराचसा जमीनदाऱ्यांचा होता. गेवर्धा, सोनसरी, पळसगड ही त्यांतली काही नावे. जमीनदार सरकारला टाकोली नावाची ठरीव रक्कम भरत आणि गावांतून वसुली करत. १९०५ मध्ये जमीनदाऱ्यांचा मुलूख धरून गडचिरोली तहसील झाली. जिल्हा होण्यासाठी २६ ऑगस्ट १९८२ उजाडावा लागला.

सारा ठरवण्यासाठी मातीचे नाव लिहिले जाऊ लागले आणि त्या नावाचा अर्थ बदलला. शेतात कन्हार म्हणजे 'येथे भारी धान लावा' अशी सूचना होती. वहीत कन्हार म्हणजे 'येथून जास्त वसूल करा' असा आदेश झाला. आपली जमीन हलक्या वर्गात लिहिली जावी असे शेतकऱ्याला वाटणे साहजिक होते. आणि बरडीचे काय झाले? तिच्यावर एकके थोडी, म्हणजे तिची किंमत थोडी. ती तलावाचा पाणलोट आहे याला वहीत रकाना नव्हता.

प्रयोगशाळेतील माती

याच सुमारास जगात मृदाशास्त्राची पायाभरणी होत होती. रशियात वसीली दोकुचाएव यांनी तेथील काळ्या मातीवरचा आपला ग्रंथ १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. माती म्हणजे केवळ खडकाचा चुरा नव्हे. खडक, हवामान, सजीव, भूरचना आणि काळ या सर्वांनी मिळून घडवलेली ती एक स्वतंत्र वस्तू आहे, हा त्यांचा विचार. भारतात इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८८९ ते १८९१ या काळात देशभर हिंडून शेतीची पाहणी केली. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी भारतीय शेतकऱ्याच्या जाणतेपणाची मोकळेपणाने प्रशंसा केली. त्यानंतर सरकारचे कृषी-रसायनतज्ज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी १८९८ मध्ये भारतातील मातीचे चार मुख्य गट मांडले : गंगा-सिंधूच्या मैदानातील गाळाची, काळी, तांबडी आणि जांभी. आपल्या पाठ्यपुस्तकातील विभागणीचे मूळ येथे आहे.

लेदर यांचे चार गट देशाच्या नकाशासाठी योग्यच होते. पण कुरखेड्याचा सगळा उतार त्यात एका 'तांबडी' शब्दात मावला. उताराची गोष्ट मृदाशास्त्रात परत आली ती आफ्रिकेतून. पूर्व आफ्रिकेत टांगानिकातील अमानी येथील संशोधन केंद्रात काम करणारे जेफ्री मिल्न यांना दिसले की टेकडीच्या माथ्यापासून दरीपर्यंत माती एका ठराविक क्रमाने बदलते आणि असाच क्रम पुढच्या टेकडीवर पुन्हा येतो. १९३५ मध्ये त्यांनी या क्रमाला 'कॅटेना' हे नाव दिले. लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळी. एक कडी काढून वेगळी तपासली तर ती पुरती कळत नाही. वरच्या कडीतून जे वाहून जाते तेच खालच्या कडीत जमते. बरडी, खर्डी, वरडी, मोरंड, कन्हार ही अशीच साखळी आहे. मिल्न यांनी तिला शास्त्रात जागा दिली त्याच्या किती तरी आधीपासून ती येथील धान उत्पादकांच्या बोलण्यात होती.

स्वातंत्र्यानंतर १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला, म्हणजे याच विदर्भात. १९८६ मध्ये देशाचे मृदा नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणावर करण्याचे काम हाती घेण्यात आले. आता अल्फिसॉल, इन्सेप्टिसॉल, व्हर्टिसॉल अशी आंतरराष्ट्रीय नावे आली. त्यांचा फायदा मोठा आहे. कुरखेड्याच्या मातीची तुलना थायलंड किंवा ब्राझीलच्या मातीशी करता येते. पण प्रमाण पाहा. या नकाशावर एक मिलीमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. आपला बरडी ते कन्हार हा उतार ६०० मीटरचा धरला तर नकाशावर तो अडीच मिलीमीटरही भरत नाही. पेन्सिलीच्या टोकाखाली पाचही नावे झाकली जातात. हा नकाशाचा दोष नव्हे, नकाशाचे काम वेगळे आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा अशा नकाशावरून एखाद्या बांधीसाठी सल्ला दिला जातो.

बारा आकडे

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. शेतकऱ्याला मातीची तपासणी करून खताचा सल्ला देणे हा हेतू. पत्रिकेवर बारा गुणधर्म असतात : सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. ही माहिती खरोखर मोलाची आहे. डोळ्यांनी माती पाहून जस्त कमी आहे हे कोणताही अनुभवी शेतकरी सांगू शकणार नाही.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, योजनेच्या सुरुवातीच्या आखणीत कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा होता. १० हेक्टर म्हणजे १,००,००० चौरस मीटर. अशा चौकटीची बाजू सुमारे ३१६ मीटर येते. कुरखेड्याच्या उतारावर ३१६ मीटरांत बरडीवरून वरडीत आणि वरडीतून मोरंडमध्ये सहज पोहोचता येते. त्या तीन जमिनींची माती एकत्र मिसळून तपासली तर येणारा आकडा तिघींपैकी एकीचाही नसतो. दुसरी गोष्ट, या बारा आकड्यांत मातीची खोली नाही, चिकणमातीचे प्रमाण नाही, उतार नाही आणि पाणी किती दिवस थांबते हेही नाही. बरडी आणि कन्हार या नावांत नेमके हेच आहे.

याचा व्यवहारात काय फरक पडतो? युरियाचेच उदाहरण घेऊ. दोन बांध्यांत नत्र सारखेच कमी आहे आणि पत्रिकेवर सल्लाही सारखाच आहे. वरच्या हलक्या जमिनीत एकदम दिलेले नत्र जोराच्या पावसात पाण्याबरोबर खाली निचरून जाते. तेथे ते थोडे थोडे, तीन वेळा दिले तरच पिकाला लागते. तळच्या कन्हारमध्ये निचऱ्याची भीती कमी. पण बांधी कधी ओली, कधी कोरडी होत राहिली तर नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत होऊन तो हवेत जातो. तेथे पाण्याची पातळी सांभाळणे महत्त्वाचे. एकाच आकड्याला दोन वेगळी उत्तरे, आणि कोणते उत्तर कोठे द्यायचे हे मातीचे नाव सांगते.

वाणांचेही तसेच. पाऊस सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओसरतो. वरच्या बांध्या मग थोड्याच दिवसांत कोरड्या पडतात. तेथे साधारण ११० ते १२५ दिवसांचे हलके धान हवे, म्हणजे दाणा भरेपर्यंत ओल टिकते. १४० दिवसांहून अधिक घेणारे भारी धान कन्हारला सोसते. गावात सर्वांनी एकच वाण लावला आणि पाऊस आठ-दहा दिवस आधी गेला, तर वरच्या बांधीतील लोंब्या पोचट राहतात. त्या वरच्या बांध्या बहुधा गावातील गरीब कुटुंबांच्या असतात.

पाळीच्या वर आणि खाली

पुन्हा तलावांकडे वळू. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी हक्क नष्ट झाले आणि १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता.) भूमिसुधारणा म्हणून हे पाऊल आवश्यकच होते. पण तलावाचे पाणी वाटणे, पाळीवरचे झुडूप काढणे, गाळ उपसणे या कामांची गावात बसलेली घडी विस्कटली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. 'मामा तलाव' म्हणतात ते हेच. त्यांतील अनेक गाळाने उथळ झाले आहेत.

हा गाळ कोठून आला? वरून. बरडी उघडी पडली, नांगरली गेली की तिचे बारीक कण तलावात येतात. म्हणजे तलाव उथळ होणे आणि बरडी आणखी खडकाळ होणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. २०१७ मध्ये राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तलावातील गाळ वरडी-खर्डीसारख्या हलक्या जमिनीत टाकला तर तिची पाणी धरण्याची शक्ती वाढते, अन्नद्रव्येही मिळतात. तोच गाळ कन्हारमध्ये टाकला तर आधीच चिकट असलेल्या जमिनीचा निचरा आणखी बिघडतो. आणि वरच्या बरडीवर झाड-गवत राखले नाही तर उपसलेला तलाव पुन्हा भरणार हे उघड आहे.

बरडीच्या बाबतीत अलीकडची एक घटना सांगायला हवी. पूर्व विदर्भाच्या महसुली कागदपत्रांत 'झुडपी जंगल' या नावाने पुष्कळ जमीन नोंदलेली आहे. उथळ, मुरमाड, झुडपांपलीकडे फारसे काही न वाढणारी अशी ही जमीन. ती शेतीची, गावाची की वनाची, हा वाद कित्येक दशके चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीन मानली जावी असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांबाबत वेगळी तरतूद ठेवली. या निर्णयाचे घरकुलांवर, चराईवर आणि गावाच्या गरजांवर काय परिणाम होतील हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने मुद्दा इतकाच की कागदावरचे एक नाव हजारो कुटुंबांच्या जमिनीचे भवितव्य ठरवते. नाव देताना त्या जमिनीचे पाण्याशी असलेले नाते विचारात घेतले गेले होते का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

वर्गात आणि शिवारात

हा विषय शाळेत करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी खर्च जवळपास नाही.

शाळेजवळचा एक उतार निवडा. माथा, मध्य आणि तळ अशा तीन जागांवरून एक वीत खोलीवरची माती घ्या. सावलीत वाळवा, ढेकळे हलक्या हाताने फोडा. प्लॅस्टिकच्या तीन सारख्या बाटल्यांचे तळ कापा, तोंडाला सुती कापड बांधा आणि त्या उलट्या टांगा. प्रत्येकीत सारख्या वजनाची माती भरा आणि २०० मिलिलिटर पाणी ओता. पहिला थेंब किती वेळाने पडला आणि अर्ध्या तासात किती पाणी खाली आले, हे लिहा. माती ओली करून तिची गोळी आणि मग वळी करून पाहा. बरडीची वळी होणार नाही, वरडीची तुटेल, कन्हारची लांब निघेल. काचेच्या बरणीत माती व पाणी हलवून एक दिवस ठेवले तर रेती, पोयटा आणि चिकणमाती यांचे थर मोजता येतील.

नंतर विद्यार्थ्यांनी घरच्या आजोबा-आजींना विचारावे : या जमिनीला काय म्हणतात? येथे पूर्वी काय पेरत? पाऊस थांबल्यावर पाणी किती दिवस राहते? मिळालेली उत्तरे आणि बाटल्यांतील मोजमापे शेजारी शेजारी लिहिली की पुष्कळ ठिकाणी ती जुळतील. जेथे जुळणार नाहीत तेथे अधिक शोध घ्यावा. कदाचित बांध घालून, गाळ टाकून किंवा वरची माती वाहून गेल्याने जमीन बदलली असेल आणि नाव जुनेच राहिले असेल. लोकांचे ज्ञान म्हणून ते न तपासता स्वीकारावे असे आम्ही म्हणत नाही. ते तपासण्याजोगे आहे, हीच त्याची किंमत आहे.

शेवटी गावाचा एक मोठा नकाशा करून त्यावर गट क्रमांकांबरोबर मातीची ही नावे लिहावीत, तलाव, बोड्या आणि पाणी वाहण्याच्या दिशा दाखवाव्यात. ज्या घरांत मृदा आरोग्य पत्रिका आहे तेथील बारा आकड्यांपुढे विद्यार्थ्यांनी तेरावा रकाना आखावा आणि त्यात त्या बांधीच्या मातीचे नाव लिहावे. ही नावे जाणणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. नोंद करायची तर ती याच एक-दोन वर्षांत व्हायला हवी.